टाके घालून पुस्तक जगत नाही

शस्त्रक्रियेच्या टेबलावर एक जुनं, जीर्ण पुस्तक निपचित पडलेलं आहे. मॉरिस लेसमोर त्याची पानं सांधतो, खटपट करतो, पण नाडी काही लागत नाही. मग तो ते वाचायला घेतो, आणि पुस्तक जागं होतं.

‘द फँटॅस्टिक फ्लाइंग बुक्स ऑफ मिस्टर मॉरिस लेसमोर’ या पंधरा-एक मिनिटांच्या ॲनिमेशनपटातला हा प्रसंग. विल्यम जॉइस आणि ब्रँडन ओल्डनबर्ग यांच्या या लघुपटाला २०१२ मध्ये ऑस्कर मिळालं. २००५ च्या कतरिना वादळानं जॉइस यांच्या लुइझियाना राज्याची दैना केली होती. पडद्यावरचं वादळही घरं उलथवतं, मॉरिसच्या वहीतली अक्षरंसुद्धा उडवून नेतं. पुढे तो करड्या, विटलेल्या माणसांच्या हाती एकेक पुस्तक ठेवतो आणि त्यांच्या अंगावर रंग चढत जातो. संवाद एकही नाही, त्यामुळे श्रीरामपूरच्या तिसरीतल्या पोरालाही तो दुभाष्याशिवाय कळेल.

तसं ग्रंथ आणि पुन्हा जिवंत होणं यांचं हे नातं इथल्या मातीला अगदीच नवं नाही. शेजारच्या नेवाशात, पैस खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली, ती शके १२१२ मध्ये. लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. ते मरण पावले होते, ज्ञानदेवांनी त्यांना उठवलं आणि उठलेल्या माणसानं लेखणी धरली, अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी हा वाद बाजूला ठेवू. मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला लोकांनी काम कुठलं दिलं, तर ग्रंथ लिहिण्याचं!

पुस्तकानं ताप उतरत नाही, कर्जही फिटत नाही. एकट्या पडलेल्या माणसाला मात्र सोबत मिळते. ती मिळायची तर पुस्तकानं कपाटाबाहेर यायला हवं. पुठ्ठा घातला, शिक्का मारला, कुलूप लावलं, याला जतन म्हणणं म्हणजे मॉरिसच्या सुई-दोऱ्यावरच थांबणं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमानं उलटी वाट धरली: शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या भरायच्या आणि वाचकांकडे धाडायच्या. विनायक रानडे यांनी चालवलेल्या या उपक्रमाच्या पेट्या तुरुंगापर्यंत पोचल्या.

श्रीरामपूरच्या शाळांनी एखाद्या शनिवारी हा लघुपट दाखवावा. दिवे लागल्याबरोबर, मुलं दप्तरं उचलायच्या आत, ग्रंथालयाचं कपाट उघडावं. फाटलेली पुस्तकंही द्यावीत. आणि ‘किल्ली शिपायाकडे आहे, तो जेवायला गेलाय’ हे उत्तर निदान त्या दिवशी तरी कुणाला मिळू नये.