‘हायड्रॉलिक’मधले पाणी कोठे गेले?

बदामीच्या देवीमुळे बनशंकरी हे नाव अनेक मराठी घरांना परिचित आहे. त्याच नावाची मोठी वसाहत बेंगळूरुच्या दक्षिण भागात, कनकपुरा रस्त्यालगत आहे. तेथे रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचा पोलादी हात वर उचलला गेला, की पाहणारा सहज म्हणतो, ‘हायड्रॉलिक आहे.’ खालच्या मातीतून जाणाऱ्या जलवाहिनीला मात्र हा शब्द कोणी लावत नाही. वस्तुतः त्यावर पहिला हक्क जलवाहिनीचाच आहे.

ग्रीक भाषेत ‘हुडोर’ म्हणजे पाणी आणि ‘आउलोस’ म्हणजे नळी किंवा पावा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबिओसने पाण्याच्या साहाय्याने हवेचा दाब स्थिर ठेवणारे वाद्य घडवले. या शब्दाचे मूळ त्या वाद्याच्या नावाशी जुळते. पुढे सतराव्या शतकात पास्कालने बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो हा नियम मांडला आणि १७९५ मध्ये जोसेफ ब्रामाने त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. कालांतराने यंत्रांत पाण्याची जागा तेलाने घेतली, कारण तेलाने लोखंड गंजत नाही आणि फिरते भाग वंगणलेले राहतात. पाणी गेले, नाव राहिले.

म्हणूनच आज या शब्दाची दोन घरे झाली आहेत. गॅरेजमध्ये ‘हायड्रॉलिक’ म्हणजे तेल. मुंबई महानगरपालिकेत मात्र ‘हायड्रॉलिक इंजिनिअर’ म्हणजे जल अभियंता. दोन्ही अर्थ बरोबर आहेत, कारण त्यांना जोडणारा धागा नळीतून वाहून नेलेल्या दाबाचा आहे. विद्यार्थ्यांना नेमका हाच धागा शिकवला जात नाही. ‘हायड्रॉलिक’ला सरसकट ‘जल’ म्हटले की जेसीबी कळत नाही आणि सरसकट ‘यंत्र’ म्हटले की नळ कळत नाही.

हा केवळ परिभाषेचा वाद नाही. बेंगळूरुला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी या तीन टप्प्यांत उपसून, सुमारे ५०० मीटर वर चढवावे लागते. एवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ वातावरणाच्या जवळपास ५० पट दाब देतो. तो एकाच पंपावर आणि एकाच वाहिनीवर टाकण्याऐवजी वाटून घेतला जातो. घर्षण आणि पंपातील तूट सोडून दिली, तरी १,००० लिटर पाण्यामागे सुमारे १.३६ युनिट ऊर्जा लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेला पाचवा टप्पा दररोज ७७५ दशलक्ष लिटर पाण्यासाठी आखलेला आहे. पूर्ण क्षमतेने चालल्यास त्याला केवळ उंची गाठण्यासाठी रोज किमान साडेदहा लाख युनिट हवीत.

तरीही शहरी पाण्याची चर्चा ‘किती लिटर’ येथेच थांबते. वाहिनीत पाणी पुरेसे असूनही दाब नसेल, तर उंचावरचे आणि टोकाचे घर कोरडेच राहते. एखाद्याने थेट वाहिनीला पंप लावला, तर शेजाऱ्याच्या नळातला दाब घटतो. पुरवठा थांबून वाहिनी रिकामी झाली, की फटींतून बाहेरचे दूषित पाणी आत शिरण्याचा धोका वाढतो. न्याय्य वाटप आणि आरोग्य या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दाबाच्या हिशेबात दडलेली आहेत.

पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे बसवले आणि पुढे म्हैसूर संस्थानात कावेरीवर कृष्णराजसागर उभारण्यात पुढाकार घेतला. पाण्याचे प्रमाण आणि पाण्याचे बल यांचा विचार त्यांनी वेगळा केला नाही. शाळेतल्या विज्ञानानेही तो वेगळा करू नये. ‘हायड्रॉलिक’ शिकवताना फळ्यावर जेसीबी जरूर काढावा, पण त्याच्या शेजारी घरचा नळही काढावा.