जिन्यावरचा इमर्जन्सी लाइट शेवटचा तपासला कधी?

वर्धा : गेल्या पावसाळ्यात पुतण्याला वसतिगृहात सोडायला गेलो होतो. खोली दुसऱ्या मजल्यावर. जिन्यात इमर्जन्सी लाइटची पेटी लावलेली होती. तिचं टेस्टचं बटन दाबून पाहिलं, काहीच पेटलं नाही. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "बसवल्यापासून कोणी पाह्यलंच नाही भाऊ."

आपल्या गावांतली कितीतरी लेकरं शिकण्यासाठी आश्रमशाळेत, वसतिगृहात राहतात. रात्री शॉर्ट सर्किट झालं तर आधी लाईन जाते, मग धूर भरतो. तेव्हा जिना आणि दार दाखवायला हाच एक लाइट असतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बाळं गेली. त्यानंतर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. पण रात्री लेकरं झोपतात त्या इमारतींचं काय?

दिवसाची शाळा आहे म्हणून निश्चिंत राहू नका. तामिळनाडूतल्या कुंभकोणमची शाळा १६ जुलै २००४ रोजी भर दिवसा जळाली, ९४ मुलं गेली. धुरात दिवसाही अंधारच असतो. त्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये देशभरातल्या शाळांसाठी सुरक्षेचे निर्देश दिले.

नियम आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार इमर्जन्सी लाइट किमान दीड तास चालला पाहिजे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यात ज्या इमारती येतात, त्यांना दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून 'फॉर्म बी' घ्यावा लागतो. आग सुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत आहे, याचा तो दाखला. मग गाडी अडते कुठे? लाइट खरेदी झाला की बिल निघतं, फोटो निघतो. पुढे त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

नुकसान तिथूनच सुरू होतं. ही पेटी लाईनवर चार्ज होते आणि लाईन गेली की आतल्या बॅटरीवर पेटते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचा मेन स्विच बंद केला, तर पेटीला लाईन गेल्यासारखंच होतं. ती बॅटरी संपेपर्यंत जळते आणि पुढे दीड-दोन महिने रिकामी पडून राहते. वरून आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन. फवारणीचा बॅटरी पंप हंगाम संपल्यावर तसाच टाकून दिला तर पुढच्या वर्षी काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणजे जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडतात, तेव्हाच लाइट बंद असण्याची भीती जास्त.

तपासणी अवघड नाही. महिन्यातून एकदा वायरमन किंवा जबाबदार कर्मचाऱ्याने लाइटच्या सर्किटची एमसीबी पाडायची आणि प्रत्येक जिना, वऱ्हांडा, बाहेरचं दार फिरून पाहायचं. वर्षातून एकदा पूर्ण दीड तास चालवून पाहायचं. ही मोठी चाचणी मुलं सुट्टीवर असताना करावी, कारण त्यानंतर बॅटरी पुन्हा भरायला वेळ लागतो. रजिस्टरमध्ये तारीख, पेटीचा नंबर, पेटला की नाही आणि सही. बंद असेल तर बॅटरी कधी बदलली, तेही लिहायचं.

पैशाचं कारण सांगितलं जाईल. पण जिल्हा परिषद शाळांना समग्र शिक्षातून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, त्यातून किरकोळ दुरुस्ती करता येते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. लेकरू वसतिगृहात असेल तर अधीक्षकांना दोनच गोष्टी मागा: तपासणीचं रजिस्टर दाखवा, आणि आमच्यासमोर एकदा एमसीबी पाडा.

लाइट पेटला तर समाधानाने घरी या. नाही पेटला तर तिथेच अर्ज लिहून द्या आणि पोच घ्या.