हितकर ताण

खो-खोच्या मैदानावर पाठलाग करणाऱ्या संघातील आठ खेळाडू ओळीने बसलेले असतात. त्यांच्याकडे एकवार नीट पाहा. ते बसलेले आहेत खरे, पण विसावलेले नाहीत. चवडे जमिनीत रोवलेले, नजर सावध आणि कान ‘खो’ या एकाच अक्षराकडे लागलेले! प्रत्येकाच्या छातीत धडधड चाललेली असते. ही धडधड वाईट म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. ती नसती, तर पाठीवर हात पडताच बाणासारखे सुटणे त्या खेळाडूला साधलेच नसते.

हल्ली ‘ताण’ हा शब्द लहानथोर सर्वांच्या तोंडी असतो, आणि तो बहुधा तक्रारीच्या सुरातच उच्चारला जातो. परीक्षेचा ताण, स्पर्धेचा ताण, चारचौघांत बोलण्याचा ताण! ताण म्हणजे जणू रोगच. तो जितका टाळावा तितके बरे, असे पुष्कळांना वाटते. हे मत अर्धेच खरे आहे.

कठीण प्रसंग समोर येताच आपल्या मूत्रपिंडांवरील दोन लहानशा ग्रंथी ॲड्रिनॅलिन नावाचा स्राव रक्तात सोडतात. त्यामुळे हृदय जलद चालते, श्वास वाढतो, स्नायूंना अधिक रक्त मिळते. आपण जिला भीती समजतो, ती पुष्कळदा शरीराने केलेली पूर्वतयारीच असते. कॅनडात संशोधन करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी १९३६ पासून ताणाचा अभ्यास केला. अपाय करणारा ताण निराळा आणि उभारी देणारा ताण निराळा, असे त्यांनी पुढे सांगितले. या दुसऱ्या प्रकाराला आपण हितकर ताण म्हणू.

ताणावाचून शरीरही बळकट राहत नाही. अंतराळात महिनोन्‌महिने राहणाऱ्या अंतराळवीरांच्या हाडांवर शरीराचा भार पडत नाही, म्हणून ती हाडे विरळ होऊ लागतात. ते रोखण्यासाठी त्यांना तेथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. मनाचेही तसेच आहे. शाळेत असताना वक्तृत्वस्पर्धेच्या दिवशी पोटदुखीचे निमित्त करून मी घरी राहिलो होतो. त्या दिवशी सुटल्यासारखे वाटले. परंतु पुढच्या वर्षी तीच भीती दुप्पट होऊन समोर उभी राहिली. टाळलेला प्रसंग लहान होत नाही, तो वाढतो.

ताणाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, यालाही महत्त्व आहे. अमेरिकेत चार हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर केलेले काही प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयत्नाने कुवत वाढते आणि छातीतील धडधड ही आपल्या मदतीला येते, एवढेच काही विद्यार्थ्यांना सुमारे अर्ध्या तासाच्या पाठातून समजावून दिले होते. इतरांच्या मानाने त्यांनी कठीण प्रसंगांना अधिक चांगले तोंड दिले.

मात्र यावरून ताण कितीही सोसावा, असा अर्थ कोणी काढू नये. तंबोऱ्याची तार सैल असेल तर सूर लागत नाही, हे खरे. पण ती वाजवीपेक्षा अधिक पिळली तर तुटते, हेही तितकेच खरे. हितकर ताणाला शेवट असतो. खो-खोचा डाव संपतो, खेळाडू पाणी पितात, हसतात, विसावतात. ज्या ताणाने दिवसेंदिवस झोप उडते, अन्न गोड लागत नाही, तो हितकर नव्हे. कोणी सतत हिणवीत असेल वा मारहाण करीत असेल, तर ते मुकाट्याने सोसण्यात पराक्रम नाही. अशा वेळी आईवडिलांना किंवा विश्वासातील शिक्षकांना सांगणे हेच शहाणपणाचे आणि धैर्याचेही आहे. वडीलधाऱ्यांनीही मुलांचा भार वाढविताना त्यांच्या विश्रांतीचा विचार केला पाहिजे.

म्हणून मुलांनो, पुढच्या वेळी वर्गासमोर उभे राहताना छाती धडधडू लागली, तर घाबरून खाली बसू नका. तुमच्या शरीराने तुम्हांला ‘खो’ दिला आहे, असे समजा आणि उठा!