परदेशातल्या नोकरीचा इंटरव्ह्यू: आधी समोरच्याला तपासा

मागच्या महिन्यात मला टेलिग्रामवर मेसेज आला. बँकॉकमध्ये डिजिटल मार्केटिंगची नोकरी, राहणं-खाणं आणि विमानाचं तिकीट फ्री. मी दोन दिवस खपून सीव्ही नीट केला, इंग्रजीतून स्वतःची ओळख पाठ केली, फोन स्टँडला लावून सराव केला. इंटरव्ह्यू मात्र दहा मिनिटांत आटोपला. समोरच्याने कॅमेरा चालूच केला नाही. टायपिंग स्पीड विचारला आणि लगेच पासपोर्टचा फोटो मागितला. खरं सांगतो, पगाराचा आकडा ऐकून मी तो पाठवणारच होतो.

हे प्रकरण साधं का नाही?

परदेशात संधी खऱ्याही आहेत. जर्मनीने २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची मर्यादा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. पण अशा बातम्यांच्या आडोशाने खोट्या ऑफरही फिरतात. थायलंडमधल्या अशाच आयटी नोकऱ्यांबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. तिथे गेलेल्या अनेक तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत पाचशेहून जास्त भारतीयांना परत आणलं.

इंटरव्ह्यूआधी काय तपासाल?

१. एजंट: १९८३ च्या कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला सरकारी नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव शोधा. फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी.

२. कंपनी: मेसेजमधला नंबर नको. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधा आणि तिथल्या ईमेलवर विचारा, ‘ही जागा खरंच आहे का?’

३. व्हिसा: ‘टुरिस्ट व्हिसावर या, नंतर बदलू’ असं म्हणाले, की विषय संपला.

सगळं खरं निघालं तर?

मग मन लावून तयारी करा. वेळ ठरवताना कोणत्या देशाची, ते लिहून घ्या. जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे असतं. वाय-फाय गेलंच तर मोबाइल डेटा तयार ठेवा, ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, उजेड चेहऱ्यावर येईल असे बसा. आणि तुम्हीही विचारा: काम नेमकं काय, करार कोणाशी, पासपोर्ट कोणाकडे राहणार? खरी कंपनी या प्रश्नांवर चिडत नाही.

मी त्या माणसाला कंपनीचा ईमेल आणि व्हिसाचा प्रकार विचारला. उत्तर आलं, ‘सीट भरत आल्यात, आज ठरव.’

मी ठरवलं. ब्लॉक.