‘अलाउ’चं एक बटण आणि बंद पडलेली गोळी

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत साठीतला एक कास्तकार येतो. पायाच्या अंगठ्याला जखम आहे, तीन आठवडे झाले तरी भरत नाही. साखर तपासली, तर चारशेच्या पुढे. गोळ्या सुरू आहेत का, असं विचारल्यावर तो खाली बघतो. “बंद केल्या जी.” कारण विचारलं की खिशातून मोबाइल निघतो. “याच्यात रोज येत होतं. एकवीस दिवसांत शुगर मुळापासून जाते म्हणे.”

हे कुणी पाठवलं होतं? कुणीच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप नव्हता, की नातेवाइकाचा सल्ला नव्हता. फोनच्या वरच्या पट्टीत दिवसातून दहा-बारा वेळा टिंग वाजायचं आणि एक ओळ झळकायची. असा रुग्ण एकटादुकटा नाही. वणीपासून उमरखेडपर्यंत कुठल्याही गावात चार फोन हातात घेऊन बघा, एका तरी फोनच्या पट्टीत अशी जाहिरात सापडेल. कधी साखरेची, कधी गुडघ्याची, कधी मूळव्याधीची, कधी ‘पुरुषांच्या ताकदी’ची.

ही जाहिरात फोनमध्ये शिरते कशी, हे समजून घेतलं तर निम्मा उपचार तिथेच होतो. काही महिन्यांपूर्वी कापसाचे भाव किंवा एखाद्या योजनेची यादी बघायला कुणीतरी ब्राउझर उघडलेला असतो. ब्राउझर म्हणजे फोनमधली इंटरनेटची खिडकी. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ती क्रोम या नावाने आधीपासूनच बसवलेली येते. साइट उघडताच एक चौकट पुढे येते, ‘ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते’. खाली दोन बटणं. घाईत ‘अलाउ’ दाबलं जातं, कारण ती चौकट हटल्याशिवाय भाव दिसत नाही. त्या एका दाबाने त्या साइटला फोनच्या पट्टीत कधीही डोकावण्याचा परवाना मिळतो. पुढे त्याच वाटेने दुसऱ्यांच्या जाहिराती येतात. घरातल्या माणसाला मात्र वाटत राहतं, की हे ‘मोबाइलवालेच’ सांगत आहेत.

मधुमेह बरा करतो, अशी जाहिरात करायला आपल्या देशात कायद्याने बंदी आहे. ‘औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ १९५४ चा आहे आणि त्याच्या परिशिष्टात मधुमेहाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पण तो कायदा भिंतीवरच्या आणि वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या काळातला. प्रत्येक फोनमध्ये वेगवेगळी, क्षणभर दिसून नाहीशी होणारी जाहिरात कुणी कुठे पकडायची? कारवाई व्हायला हवी, यात वाद नाही. पण ती होईपर्यंत जखम थांबत नाही. म्हणून खिडकीला जाळी आपणच बसवायची.

ती बसवणं अवघड नाही. ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवायचं, सेटिंग्जमध्ये जायचं, तिथे ‘साइट सेटिंग्ज’ आणि त्यात ‘सूचना’ शोधायच्या. परवानगी मिळालेल्या साइटची यादी समोर येते. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट बंद करायची. दुसरं पाऊल ब्राउझरच बदलण्याचं. फायरफॉक्स आणि ब्रेव्ह हे दोन्ही फुकट मिळतात. ब्रेव्ह बऱ्याच जाहिराती मुळातच अडवतो. फायरफॉक्समध्ये त्यासाठी ‘यूब्लॉक ओरिजिन’ नावाची जोडणी बसवता येते. नवा ब्राउझर फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्यायचा, कुठल्या लिंकवरून नाही. मग फोनच्या सेटिंग्जमधल्या ‘डीफॉल्ट अ‍ॅप्स’ मध्ये जाऊन तोच नेहमीचा म्हणून निवडायचा. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम. यूपीआयचं आणि बँकेचं अ‍ॅप वेगळं असतं, त्याला यामुळे धक्का लागत नाही. एखादी सरकारी साइट नव्या ब्राउझरमध्ये नीट उघडली नाही, तर जुना आहेच. तो काढून टाकायची गरज नाही.

एवढं सोपं असेल, तर लोक करत का नाहीत? याचं उत्तर आळस नाही. फोनमध्ये आधीपासून जे असतं तेच माणूस वापरत राहतो, आणि हे सगळ्यात चांगलं ठाऊक आहे ते कंपन्यांना. अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात एक आकडा उघड झाला. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपलंच सर्च इंजिन आधीपासून बसलेलं असावं, यासाठी गूगलने एकट्या २०२२ मध्ये अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. सेटिंग बदलायची मुभा प्रत्येक ग्राहकाला होती. तरीही एवढा पैसा मोजला गेला, कारण ती मुभा फार थोडे वापरतात. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि नवा फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडण्याची संधी ग्राहकाला द्या, असं सांगितलं. निवड समोर ठेवली तरच माणूस निवडतो, हे त्या आदेशामागचं साधं शहाणपण.

डॉक्टरांना ही गोष्ट नवी नाही. विदर्भातल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, ‘खर्रा सोडा’ एवढं सांगून किती जण खर्रा सोडतात. तोंड उघडेनासं झालं तरी खिशातली पुडी सुटत नाही. ज्यांची सुटते, त्यांनी बहुधा काहीतरी मांडणी बदललेली असते. वावरात जाताना पानठेल्याचा रस्ता टाळला, खिशात पुडीऐवजी बडीशेप ठेवली, मुलीला सांगितलं की रोज संध्याकाळी खिसा तपास. निश्चय लागतोच. पण निश्चय सकाळी असतो आणि दुपारी जेवणानंतर विरतो. मांडणी दुपारीही तिथेच असते.

नवी सवय मुरायला किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर तपासलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. अधूनमधून एखादा दिवस चुकला, म्हणून सवय मोडली नाही. नवा ब्राउझर पहिल्या आठवड्यात परका वाटेल, बोट जुन्याच चिन्हावर जाईल. म्हणून जुनं चिन्ह पहिल्या पानावरून हलवावं आणि त्या जागी नवं ठेवावं. बाकी काम बोटच करतं.

सवयीची ही लढाई आपल्या जिल्ह्याने एकदा उघडपणे अंगावर घेतली होती. पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. कोरोनाच्या काळात शाळेसाठी हातात आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, ही त्यामागची तळमळ होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट निवडली. तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरातले टीव्ही-मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात आणि मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा असतो.

बान्सीने हा प्रश्न घराच्या चार भिंतींतून गावाच्या चावडीवर आणला, याचं मोल मोठं आहे. पण ओपीडीतून बघितलं, तर वडगावचा भोंगा जास्त पटतो. त्यात बंदी कुणा एका वयावर नाही, वेळेवर आहे. मुलाने फोन ठेवायचा आणि बापाने त्याच्यासमोर रील्स बघायच्या, हे टिकणारं नाही. शिवाय फोनमुळे होणारं नुकसान फक्त मुलांचं नाही. रात्री एकपर्यंत फोन बघून सकाळी रक्तदाब वाढलेला पन्नाशीचा माणूस, ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ या सूचनेवर बोट ठेवून पैसे गमावलेली निवृत्त शिक्षिका, गोळी बंद करून पाय गमावायच्या बेतात आलेला कास्तकार, यांच्यासाठी कुठल्याच गावात ठराव झालेला नाही.

म्हणून घराघरांत तीन गोष्टी कराव्यात. पहिली, येत्या रविवारी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा फोन सर्वांत तरुण माणसाने हातात घ्यावा. रागावून नाही, शेजारी बसून. सूचनांची यादी साफ करावी, ब्राउझर बदलून द्यावा आणि ‘अलाउ’ची चौकट आली की कुठलं बटण दाबायचं, ते दोनदा दाखवावं. दुसरी, रात्री फोन उशाशी नको. चार्जर स्वयंपाकघरात किंवा ओसरीत ठेवावा आणि गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळ आणावं. तिसरी, औषध सुरू करणं, बंद करणं किंवा बदलणं हा निर्णय फोनच्या पट्टीवर कधीच घ्यायचा नाही. जाहिरात खरी वाटली, तर तिचा फोटो काढून जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावा. निदान आशाताईंना विचारावं. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर कळवावं. फोनपायी मुलाचं खाणं, झोप, शाळा सुटत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येतं.

ब्राउझर बदलला म्हणून मधुमेह आटोक्यात येत नाही. त्यासाठी गोळी, चालणं आणि ताटातला भात कमी करणं हेच लागतं. पण रोज दहा वेळा ‘गोळी सोड’ म्हणणारा आवाज घरात असेल, तर डॉक्टरने महिन्यातून एकदा सांगितलेलं कितीसं टिकणार? त्या कास्तकाराची जखम आता ड्रेसिंगवर आहे, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. ओपीडीच्या बाकावर त्याच्या नातवाने फोन हातात घेऊन यादी उघडली, तेव्हा परवानगी मिळालेल्या तब्बल सतरा साइट निघाल्या. त्यातल्या एकीचंही नाव आजोबांना सांगता आलं नाही.