प्रवेशाचा हिशेब तालुक्यागणिक मांडा: जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कला शाखेचे मागणीपत्र

प्रति,
मा. कुलगुरू, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ
मा. संचालक, उच्च शिक्षण, महाराष्ट्र राज्य, पुणे
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, घोडेगाव

विषय: सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांच्या नामवंत संस्थांतील प्रवेशसंख्या आणि त्यात आमच्या तालुक्यांचा वाटा.

महोदय,

जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव इथल्या महाविद्यालयांत कला शाखेत शिकणारे व शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शिक्षक यांच्या वतीने आमची संघटना हे मागणीपत्र सादर करीत आहे.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. पदवीच्या पातळीवर त्यातले ३४.२ टक्के कला शाखेत होते. विज्ञानात १४.८, वाणिज्यात १३.३ आणि अभियांत्रिकीत ११.८ टक्के. पदव्युत्तर पातळीवरही सर्वांत मोठा गट सामाजिक शास्त्रांचाच आहे. तरीही २०१६ पासून निघणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीत अभियांत्रिकी, व्यवस्थापन, औषधनिर्माण, विधी, वास्तुकला, कृषी यांना स्वतंत्र गट आहेत, सामाजिक शास्त्रांना नाही. देशातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थिवर्गाला आपल्या विषयाची चांगली संस्था कोणती हे सरकारी कागदावरून कळत नाही, हे आम्हाला गंभीर वाटते.

मग तुलना होते ती नुसत्या पटसंख्येची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बारा हजारांच्या आसपास विद्यार्थी, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आठ-नऊ हजार, मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत त्याहून कमी, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूट आणि डेक्कन कॉलेजात आणखी कमी, आणि पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत काही लाख. हे आकडे एका रांगेत लावून काहीच हाती लागत नाही. लंडनच्या संस्थेत निम्म्याहून अधिक विद्यार्थी पदव्युत्तर आहेत आणि बहुसंख्य परदेशातून आलेले आहेत. आमच्याकडचे लाखो विद्यार्थी बहुतांश पदवीचे, आणि तेही घराजवळच्या महाविद्यालयातले. आम्हाला विचारायचे आहे ते वेगळेच: या नामवंत वर्गांत आहुपे, हातवीज, अंजनावळे, तळेघर या आमच्या डोंगरी गावांतून किती जण पोहोचले?

याचे उत्तर कुठेही छापलेले नाही. क्रमवारीसाठी प्रत्येक संस्था राज्यातले किती, परराज्यातले किती, आर्थिक दुर्बल किती, सामाजिकदृष्ट्या मागास किती हे देते. त्यात पुणे शहरातल्या कोथरूडचा विद्यार्थी आणि आहुप्याचा विद्यार्थी दोघेही ‘राज्यातले’ म्हणून एकाच रकान्यात जातात. जिल्ह्याचे माप धरले तरी आमची तीच गत होते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने मागास जिल्ह्यांतून येणाऱ्यांना प्रवेशात जादा गुण देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालवली. तिचा आम्ही आदर करतो, कारण विद्यार्थी कुठून आला याला तिने किंमत दिली. पण पुणे जिल्ह्याची सरासरी हिंजवडी आणि चाकण ठरवतात. भीमाशंकरच्या डोंगरातली पाडे-वस्ती त्या सरासरीखाली झाकली जाते.

इंग्लंडमध्ये हा हिशेब पोस्टकोडवरून होतो. ज्या वस्त्यांतून फार थोडी मुले विद्यापीठात जातात, तिथली किती मुले आपण घेतली हे तिथल्या विद्यापीठांना दाखवावे लागते आणि ती संख्या कशी वाढवणार याचा आराखडा नियामकाला द्यावा लागतो. लंडन स्कूलही त्यातून सुटत नाही. आपल्याकडे हे करायला नवा खर्च नाही. प्रत्येक प्रवेश अर्जावर पिनकोड असतो, आधीचे महाविद्यालय असते. म्हणून आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी अशी, की पुणे विद्यापीठाने आपल्या सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्यांच्या सर्व विभागांची प्रवेशसंख्या दरवर्षी तालुका, पदवीचे माध्यम, पदवीचे महाविद्यालय, प्रवर्ग आणि घरातली पहिली पदवीधर पिढी या पाच रकान्यांत जाहीर करावी. अर्ज किती आले, प्रवेश किती झाले आणि पदवी किती जणांनी पूर्ण केली, हे तिन्ही टप्पे त्यात हवेत. मधेच गळालेला विद्यार्थी आज कुठल्याच कागदावर दिसत नाही. गोखले इन्स्टिट्यूट, डेक्कन कॉलेज आणि टाटा संस्था यांनीही असेच करावे, असा आग्रह उच्च शिक्षण संचालनालयाने लेखी धरावा.

दुसरा मुद्दा परीक्षेच्या भाषेचा. सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा २०२२ पासून आली. पदवीच्या प्रवेशासाठी ती मराठीसह १३ भाषांत देता येते. पदव्युत्तर प्रवेशासाठी मात्र इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांच्या प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी आणि हिंदीत असतात. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि मुंबईची टाटा संस्था या दोन्हींची वाट आता याच परीक्षेतून जाते. आश्रमशाळेत आणि पुढे गावच्या महाविद्यालयात मराठीतून शिकलेली मुलगी विषय जाणते. तिला तो परक्या भाषेत ठरावीक मिनिटांत ओळखून दाखवावा लागतो. बिहार किंवा राजस्थानातल्या तिच्याच वयाच्या मुलीला स्वतःची भाषा मिळते, ही विषमता उघड आहे. मराठीत अशा प्रश्नपत्रिका काढणे अवघड आहे असे कोणी सांगू नये. सहायक प्राध्यापकपदासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठच घेते आणि त्यात सामाजिक शास्त्रांचे प्रश्न मराठीतही असतात. प्राध्यापक होण्याची परीक्षा मराठीत होते, तर एम.ए.ची का होऊ नये? राज्य सरकारने सीयूईटी-पीजी मराठीत घेण्याचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवावा, आणि विद्यापीठाने सेटच्या अनुभवाच्या आधारे त्यासाठी मदत देऊ करावी.

पैशाबद्दल थोडक्यात. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेतल्या विद्यार्थ्यांना संप करावा लागला, तो शिष्यवृत्तीपात्र अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांकडून वसतिगृह व भोजनाचे शुल्क मागितल्यामुळे. शिष्यवृत्ती मंजूर असूनही आधी पैसे भरा म्हटले, की आमच्याकडचे विद्यार्थी प्रवेशच सोडतात. आदिवासी विकास विभागाच्या स्वयंम योजनेत पुण्यासारख्या शहरात राहणाऱ्याला वर्षाला ६० हजार रुपये आहेत. खोलीभाडे आणि खानावळ त्यात भागत नाही, आणि हप्ता उशिरा आला तर सावकार किंवा जंगलातला हिरडा गोळा करून विकण्याचा हंगाम हाच आधार उरतो. पहिला हप्ता प्रवेशानंतर महिन्याच्या आत मिळावा आणि रक्कम दरवर्षी महागाईनुसार वाढावी. २०२४ मध्ये राज्याने मुलींना दिलेली पूर्ण शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती आहे. ती सामाजिक शास्त्रांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांनाही, विनाअनुदानित तुकड्यांसह, लागू करावी.

आमच्या महाविद्यालयांत कला शाखेचे कितीतरी तास तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षकांवर चालतात. वर्षाअखेर शिक्षक बदलतो आणि पट कमी झाला म्हणून विशेष स्तराचा विषय बंद करण्याची चर्चा सुरू होते. अनुसूचित क्षेत्र असलेल्या तालुक्यांत किमान पटसंख्येची अट शिथिल करावी आणि रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत.

एका गोष्टीवर मात्र सविस्तर बोलणे भाग आहे. सामाजिक शास्त्रांना आमचे तालुके नवखे नाहीत. नाणेघाटातला सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख, जुन्नरभोवतीची दोनशेहून अधिक लेणी, डेक्कन कॉलेजने जुन्नरला केलेले उत्खनन, नारायणगावची तमाशा पंढरी, डिंभे धरणात गेलेले मूळ आंबेगाव, ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडले गेलेले माळीण, उसात वाढलेला बिबट्या, पेसा कायदा आणि वनहक्काचे दावे: यावर प्रबंध लिहायला बाहेरून अभ्यासक येतात, आणि त्यांनी यावेच. आम्ही त्यांना वाट दाखवतो, माहिती देतो, प्रश्नावली भरून देतो. जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळी समाजाचा अभ्यास त्याच समाजातून येऊन केला आणि पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेची धुरा वाहिली. तसे संशोधक पिढीला एखादेच निघावेत, हे आम्हाला मान्य नाही. पुणे विद्यापीठ आणि डेक्कन कॉलेज यांनी मिळून जुन्नर किंवा घोडेगाव येथे कायमस्वरूपी क्षेत्र-अभ्यास केंद्र उभारावे. इथे काम करणाऱ्या प्रत्येक प्रकल्पात स्थानिक महाविद्यालयांतले विद्यार्थी मानधनावर आणि नावानिशी सहभागी असावेत. अहवालाची मराठी प्रत संबंधित ग्रामसभेला मिळावी. या केंद्रात काम केलेल्यांना पदव्युत्तर प्रवेशात त्या कामाचे गुण मिळावेत.

पुढील शैक्षणिक वर्षाची प्रवेशप्रक्रिया सुरू होण्यापूर्वी घोडेगाव येथील प्रकल्प कार्यालयात विद्यापीठ, संचालनालय आणि आदिवासी विकास विभाग यांची संयुक्त बैठक बोलवावी. गेल्या तीन वर्षांची प्रवेशसंख्या वर मागितलेल्या पाच रकान्यांत मांडून त्या बैठकीत आमच्यासमोर ठेवावी. दोन्ही तालुक्यांतून विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांचे प्रतिनिधी उपस्थित राहतील. प्रतिनिधींत निम्म्या मुली असतील.

आपले,
जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कला शाखेचे विद्यार्थी, पालक व शिक्षक