पाडण्याआधी इसराफ आठवा

रमजानमध्ये तरावीहनंतर मशिदीत चंद्याचं आवाहन होतं. आमच्या मोहल्ल्यात यंदाचं आवाहन होतं : जुनी मशीद पाडून स्लॅबची नवी बांधायची आहे. मी हात आखडता घेतला. का, ते सांगतो.

रोजा फक्त पोटाचा नसतो. वाहत्या नदीकाठी वुजू केलं तरी पाणी उधळू नये, अशी आम्हाला शिकवण आहे. उधळपट्टीला आम्ही इसराफ म्हणतो. मग चुन्यात बांधलेली दीड हात जाडीची भक्कम भिंत पाडणं हा इसराफ नाही का?

चुन्याच्या भिंतीत ओल शिरते, तशी बाहेरही पडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, पोपडे निघतात आणि आपण म्हणतो, इमारत म्हातारी झाली! अनेकदा दोष वयाचा नसतो, चुकीच्या दुरुस्तीचा असतो.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहा. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणलं, त्यावर दळण दळलं आणि मोठा हौद दालनाच्या छतावरच बांधला. खालचं दालन आपोआप थंड! बीबी का मकबऱ्यातही संगमरवर मोजक्याच जागी आहे, बाकी बरीचशी शुभ्रता चुन्याच्या गिलाव्याची. जवळ आहे त्यात भागवणं ही आपल्या गवंड्यांची जुनी रीत.

इमारत खरोखर धोकादायक झाली असेल, तर नमाजींचा जीव आधी. पण ती उतरवावी, जेसीबी लावून पाडू नये. चुन्यातली वीट हातोडीने सुटते, साफ करून पुन्हा लावता येते. सिमेंटमधली बहुधा तुटते. सागवानी तुळया, दगडी चिरे, कोरीव कमानी नव्या बांधकामात जागा मागतात. जेसीबी एका दुपारी त्यांचा राडारोडा करतो. हीच गत शेजारच्या गल्लीतल्या वाड्याची आणि देवळाच्या लाकडी सभामंडपाची. त्यामुळे हा प्रश्न एकट्या मोहल्ल्याचा नाही, गावाचा आहे.

जकात मशिदीच्या बांधकामाला चालत नाही, हे खरं. पण चंदा आणि सदका देणारा खिसा एकच असतो. दुरुस्तीत भागलं, तर त्या खिशात गरिबाच्या ईदसाठीही काही उरेल.

म्हणून कमिटीतल्या बुजुर्गांना विनंती : आधी जुन्या बांधकामाच्या जाणकार अभियंत्याला इमारत दाखवा. दुरुस्ती होते म्हणाला, तर पहिली पावती माझ्या नावाची फाडा.